बापाचं नाव काढलं

ऑफिसचे मॅनेजर शौकतभाईंनी आपला मोबाइल गुणवंत टिपणीसच्या नाकाला लावला आणि विचारलं, "टिपणीस साब, ये 'आहो' कौन है?"

आता काय सांगायचं माणसाने! गुणवंतने चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला आणि मोबाइल शौकतभाईंच्या हातातून ओढूनच घेतला. शारजाशेजारच्या अजमानमधल्या साइटभोवतीचं पत्र्याचं कुंपण होतं ते. त्यावर कंपनीने होऊ घातलेल्या टॉवरचं गुळगुळीत चित्र छापून घेतलं होतं. हिरवळ, कारंजं, हसरं चौकोनी कुटुंब, सगळं होतं. आणि त्या कुटुंबाच्या तोंडावर कुणीतरी स्प्रेने तीन इंग्रजी अक्षरं काढली होती. ए, एच आणि ओ. पिवळीजर्द, जांभळ्या काठाची, पुरीसारखी टम्म फुगलेली आणि एकमेकांवर रेललेली. माणसापेक्षा उंच.

टॉवर मंदीत अडकला होता. सहाव्या मजल्यावर काम थांबलं ते थांबलंच, वर क्रेन तेवढी ताटकळत उभी. ऑफिसात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. कोण कधी गेला ते कळायचंसुद्धा नाही, सकाळी टेबल मोकळं दिसलं की समजायचं. गुणवंत अ‍ॅडमिनला होता. साइटवरचे वॉचमन, कुंपण, पाण्याचा टँकर, सगळं त्याच्या गळ्यात. आणि नेमका उद्या, गुरुवारी, अरबाब स्वतः ऑफिसात येणार होते. अरबाब म्हणजे कंपनीचे मालक.

"पुसून टाकू ना, शौकतभाई. पांढरा रंग मारला की खलास."

"अरे कैसे मारेंगे? ये मुनीर को पूछो!"

मुनीर म्हणजे ऑफिसचा पीआरओ, सरकारी कागद फिरवणारा केरळी गृहस्थ. त्याने ठाम मत दिलं होतं की ही तीन अक्षरं म्हणजे कुठल्यातरी नव्या सरकारी खात्याचं नाव आहे. ए म्हणजे अजमान, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एच आणि ओ चं बघू, इन्शाल्ला. तोवर हात लावला तर दंड कोण भरणार? या शहाण्याच्या बोलण्यामुळे सगळं ऑफिस सकाळपासून त्या अक्षरांना बिचकून होतं.

गुणवंतला मात्र खात्याबित्याची शंकासुद्धा आली नाही. कारण हीच तीन अक्षरं त्याच्या घरी, शारजातल्या रोल्लाच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या मुलीच्या, सृष्टीच्या खोलीच्या दारामागे होती. तिच्या फिजिक्सच्या पुस्तकाच्या समासातही होती. आणि शुक्रवारी ती अजमानच्या ट्यूशनवरून आली तेव्हा तिची नखं पिवळी होती. 'हळद लागली' म्हणाली होती कार्टी! या मुलीने जन्मात कधी हळदीच्या डब्याला हात लावला होता का?

घरी पोचेपर्यंत त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दार उघडताच तो आवाज कानावर आदळला. धिडतांग धिडतांग, खर्रर्र. धिडतांग धिडतांग, खर्रर्र.

हे एक वेगळंच प्रकरण. खालच्या मजल्यावरचा एक गोरा नोकरी गेल्यावर सामान विकून निघून गेला, तेव्हा सृष्टीने त्याच्याकडून तबकड्या वाजवायची दोन यंत्रं उचलली होती. एक नाही, दोन! गुणवंतची बायको प्रमिला हिच्या माहेरच्या जुन्या लावणीच्या तबकडीतला ढोलकीचा तेवढाच तुकडा ती दोन्हींवर आलटून पालटून वाजवायची. आधी प्रमिलाला वाटलं, सुई अडकली. तिने बिचारीने दोनदा येऊन उचलूनही ठेवली.

"बंद कर ते!" गुणवंत ओरडला. "पुढचं गाणं आहे की नाही त्या तबकडीत?"

"बाबा, दॅट्स द होल पॉइंट," सृष्टी म्हणाली. सतरा वर्षांची मुलगी, जन्म शारजाचा, बापाने मराठीत विचारावं आणि हिने इंग्रजीत उत्तर द्यावं हा घरचा शिरस्ता. "इट्स द ब्रेक. बेस्ट पार्ट तोच असतो. सो यू डोन्ट लेट इट एंड."

"अजमानचं कुंपण तू रंगवलंस?"

ढोलकी थांबली. स्वयंपाकघरातून प्रमिला हात पुसत आली. "काय झालं, अहो?"

"अहो म्हणू नकोस मला!" गुणवंत इतक्या जोरात खेकसला की प्रमिला दचकून दोन पावलं मागे सरली. मग त्याने सगळं सांगितलं. फोटो, अरबाब, मुनीरचं खातं, सगळं. प्रमिला मटकन सोफ्यावर बसली.

सृष्टी जे बोलायला लागली ते थांबेना. हिपहॉप म्हणजे टीव्हीवरच्या सोन्याच्या साखळ्या नव्हेत, म्हणाली. सुरुवात झाली ती सत्तरच्या दशकात, न्यूयॉर्कच्या एका गरीब भागात. नोकऱ्या नाहीत, इमारती ओस पडलेल्या, शहराने त्या लोकांना सोडूनच दिलेलं. तिथल्या पोरांनी रस्त्याच्या दिव्यातून वीज ओढली, दोन तबकड्या लावल्या आणि गल्लीत नाच केला. आणि रंगाचे डबे घेऊन गाड्यांच्या डब्यांवर आपली नावं काढली. का, तर गाडी शहरभर फिरणार आणि ज्यांना कुणी विचारत नाही त्यांचं नाव सगळ्यांना वाचावं लागणार.

"लुक आउटसाइड, बाबा. सेम टू सेम. एम्प्टी बिल्डिंग्ज, नो जॉब्ज."

"ते अमेरिकेत! इथे आपण व्हिसावर आहोत, बाई! पोलीस कंप्लेंट झाली तर तुझी बारावी राहील बाजूला, चंबूगबाळं आवरून विमानात बसवतील आपल्याला!" गुणवंतचा आवाज चिरकला. "आणि नाव काढायचंच होतं तर स्वतःचं काढायचं. माझी अब्रू कशाला टांगलीस कुंपणावर?"

सृष्टीने भुवया उंचावल्या. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"तुम्हीच सांगता ना? आजोबा फोनवर एव्हरी फ्रायडे सांगतात. बाबाचं नाव काढ, बाबाचं नाव काढ. सो... आय ड्रू इट."



"अगं नाव काढणं म्हणजे..." प्रमिलाने सुरुवात केली आणि तिला हसू फुटलं. अशा वेळी हसू! गुणवंतने कपाळावर हात मारला. चित्र काढ, रांगोळी काढ, तसंच नाव काढ. बरोबरच आहे, या पोरीला मराठी शिकवलं कुणी? आपणच. शुक्रवारी शुक्रवारी, टीव्ही बघता बघता.

"नावलौकिक गं! मोठी हो, शिक, लोक म्हणतील टिपणिसांची मुलगी, तो अर्थ त्याचा!"

"ओह," सृष्टी म्हणाली. मग हळूच, "पण ते काढलेलं चांगलं आलंय ना? स्पेशली द एच?"

"आणि गुणवंत का नाही लिहिलंस मग?" प्रमिला विचारते काय, तर हे!

"सेव्हन लेटर्स, आई! वॉचमन नमाजहून परत येईल तोपर्यंत होतात का? अँड एनीवे, बाबांचं नाव अहोच आहे. केजीत टीचरला मी तेच सांगितलं होतं. घरात कुणी दुसरं काही म्हणतच नाही."

 गुणवंत टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेला आणि नळाखाली उभा राहून त्याने मनातल्या मनात सासुरवाडीपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

गुरुवारी अरबाब आले. अंगात पायघोळ पांढरीशुभ्र कंदुरा, हातात तसबीहची माळ, चेहऱ्यावर आठ्या. तसे नाहक ओरडणारे नव्हते, पण त्यांचं दिवाळं निघायची वेळ आली होती आणि कुंपणावर भलतंच नाव आलं होतं. शौकतभाईंनी पोलिसांसाठी अरबीत तक्रार टाइप करून आणली होती. अजमानच्या त्या रस्त्यावर सिग्नलला कॅमेरे आहेत, दोन दिवसांत माणूस सापडेल, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. मुनीरने आपल्या खात्याची गोष्ट पुन्हा लावली. अरबाबांनी त्याला हातानेच गप्प केलं, खिशातून पेन काढलं आणि तक्रारीचा कागद पुढे ओढला.

सिग्नलला कॅमेरे. पाठीवर ट्यूशनची बॅग, दोन वेण्या, पिवळी नखं. गुणवंतच्या डोळ्यांपुढे ते सगळं लख्ख उभं राहिलं आणि त्याचं तोंड त्याला न विचारता उघडलं.

"सर, इट इज मी."

शौकतभाई हसले. "टिपणीस साब, मजाक का टाइम नहीं है."

"मजाक नाही. नहीं है मजाक. आहो मैं हूँ." आता सुटलंच होतं तर गुणवंतला थांबता येईना. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, लग्नात उखाण्यात घेते तेवढंच, मग जन्मभर अहो. घरात माझं नाव तेच आहे. इंग्रजी, हिंदी, मराठी, सगळ्याची भेळ करून त्याने सांगितलं. अरबाबांनी शौकतभाईंकडे पाहिलं. शौकतभाईंनी खांदे उडवले. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गुडघे दुखतात म्हणून लिफ्टची वाट बघणारा हा माणूस कुंपणावर रंग मारेल?

"प्रूफ?" अरबाब म्हणाले.

गुणवंतने मोबाइल टेबलावर ठेवला, घरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो? अहो!" प्रमिलाचा आवाज केबिनभर झाला. "अहो, सकाळपासून फोन का नाही उचललात? अहो, ती काही खात नाहीये, कालपासून नुसती रडतेय. मी म्हटलं, अहो काहीतरी मार्ग..."

"थांब, थांब! बोलू नकोस, ठेवू पण नकोस," गुणवंत घाईघाईने म्हणाला.

मुनीरचं तोंड उघडंच राहिलं. त्याचं खातं गेलं बिचाऱ्याचं. अरबाबांच्या आठ्या मात्र जराशा सैल झाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"व्हाय?" त्यांनी विचारलं.

 गुणवंतला स्वतःचं असं एकही कारण सुचेना. सुचलं ते पोरीचंच. त्याला स्वतःचाच संताप आला, पण तो बोलत राहिला. "सर, काम बंद आहे. सगळं बंद. वीस वर्षं मी इथे आहे, पण उद्या माझं टेबल रिकामं झालं तर कुणाला माझं नावही आठवायचं नाही. म्हणून लिहिलं. मोठं लिहिलं. लोकांना वाचावं लागेल असं."

शौकतभाईंनी ते अरबीत सांगितलं. सांगताना त्यांनी बाहेरच्या आपल्या टेबलाकडे एकदा पाहिलं, तेही उद्या रिकामं होऊ शकत होतं. अरबाबांनी तसबीह टेबलावर ठेवली. मग त्यांनी तक्रारीचा कागद उभा आडवा फाडला आणि थोडंसं काही बोलले. त्यातला शेवटचा शब्द गुणवंतला कळला. तो कळायला अरबी यावं लागत नाही.

"पुलिस नहीं होगा," शौकतभाई खाली बघत म्हणाले. "बोलते हैं, आदमी बुरा नहीं है. लेकिन रख नहीं सकते, टिपणीस साब. व्हिसा कॅन्सल. खलास."

"शुक्रन, सर," गुणवंत म्हणाला. नोकरी गेल्याबद्दल आभार! हेही करून झालं आयुष्यात. पोरीची बारावी अजून वर्षभर होती, ती आता कुठे आणि कशी, हे त्याला माहीत नव्हतं. पण ती पोलिसांच्या गाडीत बसणार नव्हती, एवढं नक्की होतं.

तो मोबाइल उचलायला वाकला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की फोन चालूच आहे. तिकडून प्रमिलाने सगळं ऐकलं होतं. 

मग ती बोलली. साऱ्या केबिनसमोर, स्पीकरवर, संसारात पहिल्यांदाच.

"गुणवंत," ती म्हणाली, "घरी या."

या बाईला हे सुचायला आजचाच दिवस सापडावा, याचा गुणवंतला इतका राग आला की त्याला स्पीकर बंद करायचं बटणच दिसेना.