उगादीचं तेल

काळा, वळलेला, बुडाशी गोंदाचा पांढरट ठिपका — म्हणजे विकतचाच; आपल्या पापणीचा केस एवढा देखणा कुठला, असं तुंगाच्या मनात आलं आणि तिनं तो उशीवरून अलगद उचलला. डाव्या डोळ्याचा असणार. झोपेत चोळला असेल... उताणं झोपायचं, चोळायचं नाही, वाफ नको, तेल तर मुळीच नको, गोंद सुटतो — देवराज मोहल्ल्यातल्या पार्लरमधली श्रीलक्ष्मी एकेक केस चिमट्यानं चिकटवताना बजावत होती, आणि शेवटी हसून, "अळबेडि मॅडम, रडायचं नाही हं."

रडतंय कोण? गेल्या भाद्रपदात नवऱ्यानं, प्रणेशनं, माहेरी आणून सोडलं तेव्हाही ती रडली नव्हती. हे पाणी दारापुढच्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाचं. त्याला फुलोरा आला की तिचे डोळे सुजतात, लहानपणापासून. पण हे प्रणेशला कसं पटवायचं? "तुझ्याकडे बघितलं की घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटतं," तो म्हणाला होता, बुटाची नाडी बांधत, अगदी सहज... रागानं म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. आज सणाला तो बेंगळूरहून येणार होता. 'येतो, बोलू' एवढंच फोनवर. आणि तेवढ्यावर मी वेड्यासारखी हसरे डोळे विकत घ्यायला धावले.

बेसिनपाशी तिनं पापण्यांना फेस लावला, हलक्या हातानं धुतला, टिपला, बारीक ब्रशनं केस विंचरले. डॉक्टरांचे थेंब घातले, ओघळ गालावरच अडवला. तरी खाज होतीच — फुलोऱ्याची की गोंदाची, आता तिलाच कळेना. आरशातले डोळे लालभडक, आणि त्यांच्यावर ती दाट, आनंदी झालर. आपलंच तोंड तिला खोटं वाटलं. काढून टाकावं सगळं... पण मग खाली काय उरतं?

"तुंगे, बा गं, मणे मांडलंय!" आईची हाक आली. उगादीला, पाडव्याच्या सकाळी, आईच्या हातचं तेल डोक्यावर घेतल्याशिवाय या घरात आंघोळ नव्हती. ती मुकाट्यानं पाटावर बसली. डोक्यावर तेल चालेल, डोळे मिटून घेऊ, असा तिचा हिशेब होता.

"कण्णु किती लाल केलीस! उष्ण झालंय अंगात. हरळेण्णे लावते, तंपु वाटंल." आईनं एरंडेलात बोट बुडवलंसुद्धा.

"आई, डोळ्यांना नको—"

"सुम्ने, गप्प बस. जावई यायच्या आत डोळे निवायला नकोत?"

नको म्हणायचं तर कारण सांगायला हवं, म्हणजे पापण्या खोट्या आहेत हे, आणि त्या कुणासाठी हेही. आईनं तर गल्लीभर सांगून ठेवलेलं, पोरीला हवापालटाला आणलंय म्हणून. तुंगानं डोळे घट्ट मिटले. कोमट अंगठा मिटल्या पापण्यांवरून फिरला, एकदा, दोनदा... आणि थांबला.

"अय्यो..." आईचा आवाज चिरकला. "पापण्या गळताहेत की गं तुझ्या. इतकं मनाला लावून घेतलंस? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

तुंगाला हसू यायला हवं होतं. विकतच्या आहेत गं, एवढंच म्हणायचं होतं. पण आईचा तेलकट हात तिच्या कपाळावर तसाच टेकून राहिला होता. इतक्या महिन्यांत आपल्याला काही झालंय असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, तेही चुकून...

"हो," ती म्हणाली.

आई तेल जिरवत राहिली. तुंगानं डोळे उघडले नाहीत. प्रणेशची गाडी कुठवर आली असेल, वाटेतलं मंड्या सुटलं असेल — आणि ती उशिरा यावी, वाटेतच कुठेतरी अडकून पडावी, असं तिला वाटलं. आधी वाटलं ते डोळ्यांपायी; मग लक्षात आलं, डोळ्यांचा यात काही संबंध नाही. त्यानं आपल्याला परत घेऊन जायचं ठरवलं तर काय, याचीच तिला भीती वाटत होती.