रविवारचा बिघाड

विनताबाईंचा कॉम्प्युटर रविवारीच बिघडायचा. सोमवार ते शनिवार तो गुणी बाळासारखा वागायचा, वीजबिल भरायचा, सकाळी बुद्धवंदना ऐकवायचा. रविवारी नाश्ता उरकला की मात्र त्याच्या अंगात यायचं. कधी आवाज जायचा, कधी प्रिंटर रुसायचा, कधी अक्षरं एवढी मोठी व्हायची की एका ओळीत दोनच शब्द मावावेत. कॉम्प्युटरला वार कळतो असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडा. खरं एवढंच, की प्रिंटरची वायर विनताबाई स्वतःच्या हाताने काढायच्या आणि मग बेंगळुरूला मुलाला फोन लावायच्या.

"आशू, पाह्य ना रे बाबू, हे पुन्हा अडून राहिलं."

"अच्छा आई, नंबर सांग."

अश्वजीतने अशी काही सोय करून ठेवली होती की स्क्रीनवर आलेला नंबर आईने वाचून दाखवला की तो तिकडून हा कॉम्प्युटर चालवू शकायचा. मग जबलपुरातल्या घमापूरच्या त्या दोन खोल्यांत, टेबलावर, माउसला कुणी हात न लावता स्क्रीनवरचा बाण हलायला लागायचा. विनताबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसायच्या. काहीही उघडण्याआधी आशू बाण तिथल्या तिथे गोल फिरवायचा. लहानपणी पेन्सिल टेकवण्याआधी हवेत फिरवायचा, अगदी तसाच. हा बाण दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांनी लगेच ओळखला असता. कधी त्याच्या दुसऱ्या कानात ऑफिसची मीटिंग चालू असायची, तेव्हा तो स्क्रीनवर कोरं पान उघडून त्यावर लिहायचा, 'आई, एक मिनिट. तोवर चहा घेऊन ये.' आणि विनताबाई खरोखरच दोन कप चहा करायच्या. मोतीराम, त्यांचे यजमान, गेल्यापासून त्या घरात दोन कप फक्त रविवारी निघत.

दोष शोधायला तासभर लागायचा, कारण विनताबाई तो लवकर सापडू देत नसत. तेवढ्या वेळात सुनेची तब्येत कळायची, तिकडचा पाऊस कळायचा, ऑफिसातल्या साहेबाला चार शिव्या देऊन व्हायच्या.

मग एका रविवारी आशूच्या आवाजात थोडी घाई होती.

"आई, मी तुझ्यासाठी एक क्लीनर टाकून दिला आहे. कचरा, व्हायरस, सब कुछ आपोआप पाहील. आता तुला माझी वाट पाहत बसायला नको."

"बरं केलं," विनताबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतरचे रविवार दोन मिनिटांत आटपू लागले. "सगळं ठीक?" "ठीक." "जेवली?" "जेवली." "चलो, ठेवतो मग." त्या प्रिंटरबद्दल तोंड उघडायच्या, तर तो म्हणायचा, "क्लीनर चालव ना आई, तो करेल." रविवार आणि मंगळवार यांच्यात काही फरक राहिला नाही. कप एकच निघू लागला.

या क्लीनरच्या चौकटीवर झाडूचं चित्र होतं, म्हणून विनताबाई त्याला झाडूवाला म्हणत. महिनाभर तो मुकाट राहिला. मग एका सकाळी कॉम्प्युटर सुरू करताच लालभडक चौकट स्क्रीनभर पसरली आणि भोंगा वाजला. कॉम्प्युटरमध्ये हजारावर दोष आहेत, तुमची माहिती धोक्यात आहे, पूर्ण सफाईसाठी पैसे भरा, आत्ताच भरा. विनताबाईंनी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि दिवसभर त्यावर रुमाल टाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा पुसला. आयुष्यभर कारखान्याच्या तपासणी विभागात काम केलेली बाई ती, एका भोंग्याने किती दिवस भिणार? जबलपुरात कारखाना म्हटलं की तो फौजेच्या सामानाचा हे वेगळं सांगावं लागत नाही, घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या कारखान्यात असतोच. विनताबाईंच्या टेबलावर नग यायचे, त्या माप तपासायचं गेज लावायच्या आणि पास नाहीतर रिजेक्टचा शिक्का मारायच्या. त्या खात्यात दोनच पापं होती. खराब नगाला पास करणं, आणि चांगल्या नगाला रिजेक्ट मारणं. दुसरं पाप लोकांना हलकं वाटतं, पण विनताबाई त्यालाही तेवढंच मोजायच्या, कारण चांगला नग भंगारात गेला की कुणाची तरी मेहनत वाया जाते. आणि नुसतं 'खराब' लिहिलेलं त्यांच्या साहेबांना चालत नसे. कुठे आणि किती, ते लिहा, नाहीतर कागद परत.

झाडूवाला कुठे आणि किती, हे सांगतच नव्हता. 'गंभीर' म्हणायचा आणि पैशांच्या बटणाकडे बोट दाखवायचा. विनताबाईंनी त्याला तपासणी करायला लावली, आकडा मनात धरला, कशालाही हात न लावता पुन्हा लावली. आकडा वाढला. बसल्या जागी दोष वाढतात होय? त्यांच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी चमक आली. आणि खरं सांगायचं तर ती चमक कॉम्प्युटरच्या काळजीची नव्हती. झाडूवाला खोटा निघाला तर आशूला पुन्हा यावं लागेल, बाण पुन्हा हलेल, एवढंच त्या बाईच्या मनात होतं.

पण पुरावा पक्का हवा. कारखान्यात एक नग कपाटात कुलूपबंद असायचा, अगदी बरोबर मापाचा, ज्याच्याबद्दल कुणाला शंकाच नाही असा. एखाद्या तपासणाऱ्याचा संशय आला की तो नग गुपचूप बाकीच्यांत मिसळून त्याच्यापुढे सरकवायचा. त्यालाही त्याने रिजेक्ट मारलं, की दोष नगात नाही हे कळलंच. विनताबाईंनी साडी बदलली आणि त्या चौकातल्या विक्कीच्या दुकानात गेल्या. विक्की म्हणजे मेंदी लावून केस लाल केलेला पन्नाशीचा गृहस्थ. मोतीरामांनी कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतला होता.

"विक्की भैया, कोई नया कंप्यूटर है? एकदम कोरा, जिसमें कुछ भी न डाला हो?"

"है ना मौसी जी, आज ही तैयार किया है. लेना है?"

"लेना नहीं है. उसमें मेरा झाडूवाला डालके देखना है."

विक्की हसला. पण दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. एका ग्राहकाचा कोरा कॉम्प्युटर उद्या पोचवायचा होता, त्याला परत कोरा करणं काही अवघड नव्हतं. त्याने नेटवरून तोच झाडूवाला त्यात उतरवला. तपासणी किती झाली ते दाखवणारी स्क्रीनवरची नळी भरत गेली, भोंगा वाजला आणि आजच जन्मलेल्या त्या यंत्रातही हजारावर गंभीर दोष निघाले.

"देखा मौसी? बीमारी भी यही बताएगा, दवाई भी यही बेचेगा. डर दिखाकर घर में टिका रहेगा, बस." विक्कीने तो काढून टाकला. "कंप्यूटर के साथ जो पहरेदार आता है, वही बहुत है. उसको अपडेट करते रहो और ऐसे किसी को घर में मत घुसाओ."

विनताबाई तरंगतच घरी आल्या. वाटेत त्यांनी जलेबीसुद्धा घेतली, रविवारसाठी म्हणून, आणि रविवार परवा आहे हे घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी त्यांनी दोन कप काढून ठेवले. प्रिंटरची वायरही काढून ठेवली, झाडूवाल्याचा निकाल लागल्यावर पुढे काहीतरी हाताशी असावं म्हणून. मग फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली, आकडा कसा वाढला, कोरा कॉम्प्युटर, विक्की, सगळं. शेवटी आशू मनापासून हसला.

"आई, कमाल आहेस तू! सॉरी, मी घाईघाईत जाहिरात पाहून टाकला होता. नंबर सांग, आत्ता काढतो."

विनताबाईंनी नंबर वाचून दाखवला. बाण हलला. आधी गोल फिरला, मग कामाला लागला. झाडूवाला गेला, त्याने मागे सोडलेला कचराही गेला. मूळचा पहारेकरी जागा आहे की नाही ते आशूने पाहिलं. विनताबाईंनी चहाचा घोट घेतला. कित्येक दिवसांत असा गोड चहा झाला नव्हता.

"झालं आई. मशीन एकदम फर्स्ट क्लास आहे. आता काहीच लागत नाही, मला पाहायचीसुद्धा गरज नाही. चलो, बंद करू?"

एवढ्यातच? अजून तर सुनेची तब्येतही विचारायची होती. विनताबाईंच्या जिभेवर प्रिंटर आलाच. "थांब रे, हे प्रिंटर..." त्या म्हणाल्या आणि अडखळल्या. विक्कीचं बोलणं त्यांच्या कानात पुन्हा वाजलं. डर दिखाकर घर में टिका रहेगा. डोळ्यांपुढे आलेल्या त्या लालभडक चौकटीत त्यांना आपलंच तोंड दिसलं. दर रविवारी त्या चांगल्या नगाला रिजेक्ट मारत होत्या, आणि तेही का, तर कुणीतरी तासभर टिकावं म्हणून. इतकी वर्षं सांभाळलेल्या शिक्क्याची त्यांना लाज वाटली.

"प्रिंटरचं काय?" आशूने विचारलं.

तोंडाने बोलवेना. त्यांनी कोरं पान उघडलं आणि एका बोटाने लिहायला घेतलं. आशू तिकडे अक्षर अक्षर उमटताना बघत असणार. 'प्रिंटरची वायर मीच काढली आहे. दर रविवारी मीच काहीतरी करते. मशीनमध्ये कधीच दोष नव्हता.'

बाण त्या ओळीखाली थांबला. फोनमध्ये बेंगळुरूचा पंखा ऐकू येत होता.

"मला माहीत होतं आई," शेवटी आशू म्हणाला. "पहल्यापासून. म्हणूनच तर तो क्लीनर टाकला. थकून गेलो होतो. हफ्त्यात एकच दिवस मिळते, मला वाटलं, तो तरी आपला राहील."

लागलं. चांगलंच लागलं विनताबाईंना, पदराचं टोक त्यांच्या मुठीत आलं. पण आयुष्यभर नग तपासलेल्या बाईला एक गोष्ट लपली नाही. कुठे आणि किती, हे पोराने सरळ सांगितलं होतं. इतक्या रविवारांच्या बोलण्यात भरवसा ठेवावा असं हेच पहिलं वाक्य होतं.

"बंद कर तू," त्या म्हणाल्या. "जा. बायकोसंग जरा बाहेर फिरून ये."

बाण हलला नाही. आशूने विचारलं, "जेवली?"

'जेवली' हा शब्द विनताबाईंच्या ओठांवर तयार होता. मोतीराम गेल्यापासून हा शिक्का त्या न बघता मारत आल्या होत्या. चांगल्याला रिजेक्ट मारलं, तसं खराबाला पासही केलं होतं, तेही दर रविवारी.

"नाही," त्या म्हणाल्या. "परवापासून जलेबीच खाऊन राहिली मी. एकटीसाठी कुकर लावाले मन नाही होत, आशू. काहून लावू, कोणासाठी लावू?"

"कधीपासून, आई?"

"तुझे बाबा गेल्यापासून."

आशूने फोन ठेवला नाही. स्क्रीनवर त्याचा बाण तसाच उभा होता. विनताबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले, आपला धक्का लागून तो हलायला नको म्हणून.