बाभळीवरची चिंधी

"सर, पोरी पुढं चालल्या तर वाट रुसती का?"

तोंड अयोध्याचं होतं, पैज अक्षदाची. तेर गावाहून येडशीला येईपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर अक्षदानं तिला डिवचलं होतं, की वर्गात लई टरटर करतीस, भागवत सरांना एवढं विचारून दाखव. नववीच्या सहलीत पोरं पुढं, पोरी मधे आणि सर शेवटी, हे कुणी ठरवलं होतं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण देवळात चपला काढतात तसं ते दरवर्षी व्हायचंच.

रामलिंगाच्या देवळाच्या पायऱ्यांवर अख्खा वर्ग गप्प झाला. माकडंसुद्धा शेंगदाणे सोलायची थांबली, असं अक्षदा पुढं कितीतरी दिवस सांगत होती. सरांनी चष्मा वर सरकवला आणि चिडायचं सोडून चक्क विचारात पडले. मग म्हणाले, "चल पुढं. पण वाट चुकली तर तिथनंच माघारी. धबधबा न्हाय, आणि पुढच्या वर्षीच्या पोरी तुझं नाव घेऊन रडतील, ते बी ध्यानात ठेव."

वनरक्षक शंभुलिंग मामांनी वाट समजावली. आतला धबधबा नदीच्या काठाकाठानं गेलं की लागतो, आणि जिथं वाट वळते तिथं त्यांनी उन्हाळ्यातच झाडाला लाल कापडाची चिंधी बांधून ठेवली होती. श्रावणभर त्यांची ड्यूटी दुसरीकडं होती, आता कुठं परत आले होते. देवळापाशी आणखी एक सहल उतरली होती, तिची नोंद करून ते मागनं येणार होते.

अयोध्या निघाली. पाठीवर दप्तर, हातात पळसाची काठी. डाव्या हाताला नदी खळखळत होती आणि मागं अख्खा वर्ग एका ओळीत, आणि ती ओळ तिच्या मागं! अंगावर मूठभर मांस चढलं. पहिली चिंधी दिसली, वळली. दुसरी दिसली, वळली. खंड्या पक्षी निळा झपाटा मारून पाण्यावरनं गेला, तो जणू तिलाच सलाम ठोकून गेला. एवढं सोपं असताना पोरं इतकी वर्षं कसली मिरवत होती, हेच तिला कळेना.

मग वाटेला दोन फाटे फुटले. नदी झाडीत दडली आणि पाण्याचा आवाज कातळावर आदळून चारी बाजूंनी यायला लागला. उजवीकडची वाट चांगली रुंद, मळलेली, आणि तिच्यावर एक सोडून चार-पाच चिंध्या. अयोध्या बिनधास्त तिकडं वळली. पुढं चिंध्याच चिंध्या. लाल, मग पिवळ्या, मग एक हिरवा ब्लाउजपीसचा तुकडा. शेवटी एक मोठं उंबराचं झाड आलं, ते खालपासून चिंध्यांनी भरलेलं, फांदीला बांगड्या, बुडाशी शेंदूर लावलेला दगड. आणि त्याच्यामागं सरळ कडा. वाट संपली.

"अयोध्याबाई, वनवासाला निघालाव काय?" कृष्णराज ओरडला. पोरं खिदळली. वर्गातला सगळ्यात उंच तोच, दरवर्षी पुढं चालायचा मानही त्याचाच. त्यानं बाही सारून सरांकडं बघितलं. सरांनी घड्याळाकडं बघितलं. आता सर 'माघारी' म्हणणार आणि ही गोष्ट शाळेत कायमची राहणार.

तेवढ्यात तिची नजर अक्षदावर गेली. अक्षदा उंबरापुढं डोळे मिटून उभी होती आणि वेणीची रिबीन सोडून फांदीला बांधत होती. गणिताचा पेपर सोपा जावा म्हणून.

"अक्षे, हितं नवस बांधायचा असतो हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? सगळ्यांनी बांधलंय की."

अयोध्या खो खो हसत सुटली. सरांना वाटलं पोरगी घाबरून बिथरली. पण तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. श्रावणात दर्शनाला आलेल्या बायकांनी मामांची चिंधी बघितली, हात जोडले आणि आपली एक उजवीकडच्या झाडाला बांधली. मागनं येणारीनं दोन बघून तिसरी बांधली. महिनाभरात वाटेच्या खुणेचा देव झाला होता, आणि देवाकडं जाऊन जाऊन पाऊलवाट बी पडली होती.

"सर, पाच मिनिटं द्या. वाट हाय."

ती फाट्यावर पळत आली. बाकीचे मागं. तिथं उभं राहून तिनं मनात हिशेब मांडला. नवस उंबराला बांधतात, वडाला, पिंपळाला बांधतात. पण काट्याच्या झाडाला? बाभळीत भूत असतं म्हणून तिची आजी त्या झाडाच्या सावलीला सुद्धा बसायची नाही. म्हणजे चिंधी बाभळीला असली, तर ती मामांचीच.

डावीकडं, गवतानं झाकलेल्या बारक्या वाटेवर एक वेडीवाकडी बाभूळ उभी होती. तिच्या काट्यांत एकच चिंधी होती, उन्हानं विटलेली, एकटी.

"बाभळीला कोण नवस बोलतंय? ही खूण हाय," ती म्हणाली आणि काठीनं गवत सारत आत शिरली.

थोड्याच वेळात नदी परत डाव्या हाताला आली. हवा गार झाली, चेहऱ्यावर तुषार आले, आणि झाडी संपली तिथं पाणी काळ्या कातळावरनं पांढरंशुभ्र कोसळत होतं. कृष्णराज तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, की मी पुढं असतो तर अजून उंबरापाशीच बसलो असतो. अयोध्यानं ते वाक्य जन्मभरासाठी जपून ठेवलं.

शंभुलिंग मामा आले तेव्हा सगळी हकीकत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. दगडाला लाल रंग द्यावा म्हणावं तर उद्या तिथं नारळ फुटंल, असं ते म्हणाले. अयोध्या म्हणाली, निळे बाण काढा, निळ्याला कुणी शेंदूर लावत न्हाय. रविवारी ते खुणा नव्यानं करणार होते. सर येणार होते, आणि वाट दाखवायला ती यावी असं मामांनीच सुचवलं, घरच्यांना विचारून.

घरी आली तेव्हा आई भाकरी थापत होती. अण्णा रविवारच्या जावळाचं बोलत होते. सास्तूरला आत्याकडं सगळ्यांनी जायचं, पहाटेची गाडी धरायची. अयोध्या दारातच उभी राहिली, चपला चिखलानं भरलेल्या, ओढणीत कुसळं अडकलेली. विचारायचं असं वाटेत ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि विचारणं निघालंच नाही.

"अण्णा, आई, मी रविवारी सास्तूरला येणार न्हाय. मामा आणि सरांसंगं जंगलात वाट आखायला जाणार हाय."