मागचा पाइप

गाडी सकाळपासून अजिबात सुरू करायची नाही, असं मामांनी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं. गाडी विकणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी ते इतकं मनावर घेतलं, की ते दवाखान्यात पायी गेले आणि पायीच परत आले. इंजिन दगडासारखं थंड होतं.

गाडी घ्यायची होती भाचीला. ती नर्स. तिची बदली डोंगरावरच्या आरोग्य केंद्रात झाली होती. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा लसींची पेटी घेऊन घाट चढायचा, तोही एकटीनं. त्या घाटात फोन लागत नाही. गाडी अकरा वर्षांची, पण तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. खोड एकच. इंजिनाचं पाणी फिरवणारे दोन पाइप या गाडीत मूळचे प्लास्टिकचे येत. वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतात आणि फुटायला नेमका चढ निवडतात. पाणी मिनिटभरात जातं, मागोमाग इंजिन. पुढे ॲल्युमिनियमचे पाइप निघाले. आपण ते चार वर्षांपूर्वी बसवून घेतले, असं डॉक्टर सांगत होते. पण पावती सापडत नव्हती आणि ते गॅरेजही बंद पडलं होतं.

डॉक्टरांनी दात बघायचा आरसा आणून आत घालून पाहिला. सगळं काळंच दिसतंय म्हणाले. मामांनी समजावून सांगितलं, की तेलकट धुळीखाली प्लास्टिक काय नि धातू काय, सारखंच दिसतं. तिथे हातच घालावा लागतो. दोन्ही सारखेच थंड असले तरी धातू बोटातली ऊब भराभर ओढून घेतो, म्हणून जास्त गार लागतो. चाळीस वर्षं मामा याच्यावरच इंजिनं ओळखत आले. घरात कुणी गाडी घ्यायची म्हटलं, की आधी मामांचा हात आणि मग कागदावरची सही.

त्यांनी बाही दुमडली आणि हात आत घातला. पाइप कुठे आहे ते मनगटाला पाठ होतं. बोटं पाइपावर टेकली, आणि गार की कोमट, काहीच कळलं नाही.

मामांना हेच भय होतं. गेल्या थंडीत चहाचं पातेलं उतरवताना भाजून बोटाला फोड आला होता. तो त्यांना दुसऱ्या दिवशी दिसला, भाजल्याचं कळलंच नव्हतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, नर्स असलेल्या भाचीला तर नाहीच.

इंजिनाच्या पलीकडून ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. धातू आहे म्हणावं आणि नसला, तर उद्या ही घाटात अडकायची. प्लास्टिक आहे म्हणावं, तर ही सुखरूप. पण एका सरळ माणसाला खोटं पाडायचं, तेही अंदाजानं. मामांनी हात बाहेर काढला आणि फडक्यानं उगाच पुसत बसले.

“मला कळत नाहीये,” ते म्हणाले.

“दुसरीकडून हात घालून बघ ना.”

“पाइपाचं नाही गं. बोटांनाच कळत नाही.”

आता बोलणी बसणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. भाचीनं त्यांचा हात घेतला, एकेका बोटाचं टोक नखानं दाबून पाहिलं आणि कधीपासून, एवढंच विचारलं. फोडाचं ऐकून तिचा चेहरा क्षणभर कसानुसा झाला. मग तिनं घड्याळ काढून त्यांच्याच खिशात टाकलं आणि बाही वर केली.

“सांग, कुठे.”

मामा सांगू लागले. जाड रबरी नळी सोड, तिच्या खाली जा, पट्टी लागेल, तिच्या डावीकडे. आधी शेजारच्या प्लास्टिकच्या झाकणाला हात लाव, मग पाइपाला. तिनं तसं केलं, पुन्हा केलं.

“हा गार आहे मामा. झाकणापेक्षा बराच.”

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. मामांचा पडला नाही.

“हा पुढचा झाला. आता मागचा.”

मागच्यासाठी तिला खांद्यापर्यंत आत शिरावं लागलं. गाल गाडीच्या कडेला टेकला. झाकण, पाइप, परत झाकण.

“हा झाकणासारखाच लागतोय.”

गॅरेजवाल्यानं हाताशी आला तेवढा बदलला होता आणि अवघड तो तसाच ठेवला होता. डॉक्टर खजील झाले. “म्हणजे पुढचा दात बसवला आणि दाढ किडकीच ठेवली,” ते म्हणाले, आणि पाइप मी आणून देतो, बसवून मगच गाडी न्या, असं स्वतःहून सांगितलं.

धातू म्हटलं असतं तर, हे मात्र मामांच्या मनातून जाईना. बसवायला एक चांगला माणूस आहे, त्याला बोलावतो, असं ते पुटपुटले.

“कशाला? तू सांग, मी बसवते,” भाची कोपर पुसत म्हणाली. “पण आधी तुझ्या रक्तातली साखर तपासायची. उद्या सकाळी, उपाशीपोटी.”

“आणि मी नाही आलो तर?”

“तर मी पाइप उलटा बसवेन.”

“तो उलटा बसतच नाही.”

“मला काय माहीत? सांगायला शेजारी कुणी नसेल तर.”

मामांनी आधारासाठी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बॉनेट खाली घेत होते.

“साडेसातला जा,” ते म्हणाले. “त्या वेळी रांग नसते.”