चिमीचं न लागणारं दार

या, असे जवळ सरका, पाय मोकळे करून बसा. माझ्या वहिनीची गोष्ट सांगते. ऐकता ऐकता डोळा लागला तर लागू द्या. तिच्या वाट्याला तेवढंही येत नव्हतं.

तिच्या चिमीला तान्ही असल्यापासून साखरेचा आजार. जेवणाआधी बोट टोचायचं, मग इन्सुलिनचं इंजेक्शन. वहिनी उभ्या उभ्या पेंगायची, पण सुई भरताना हात चुकला नाही.

पोर चालती-बोलती झाली, आणि नव्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाई इस्पितळातल्या खाटेवर टेकून म्हणाल्या, "अहो, इन्सुलिन हिच्या पोटात आहे, बाहेर येत नाही एवढंच. ते बनवणाऱ्या पेशींना बारीक दारं असतात. जेवणातली साखर पेशीत पोचली, की पोटॅशियमचं दार लागतं. ते लागलं, की कॅल्शियमचं उघडतं. कॅल्शियम आत, की इन्सुलिन बाहेर. हिचं पहिलंच दार लागत नाही. पेशीला वाटतं, अजून जेवणच झालं नाही."

"माझ्यावरच गेलीय," वहिनी म्हणाली. "मलाही जेवले की नाही आठवत नाही."

ते दार लावणारी गोळी निघाली होती. देवाने दारं केली, कड्या मात्र माणसाला शोधायला लावल्या! दार लागलं तर सुई सुटणार, नाहीतर जन्माची सोबत.

गोळी सुरू झाली. साखर ढिम्म हलेना. तरी गोळी वाढवताना बाई बजावून गेल्या, "आज दुपारी इंजेक्शन निम्मंच द्या."

वहिनी "हो" म्हणाली, आणि सवयीच्या हाताने पूर्ण भरून दिलं.

जेवण झालं आणि चिमी घामाने निथळली, तिने मान टाकली. धावाधाव झाली, शिरेतून साखर गेली, तेव्हा पोरीने डोळे उघडले.

"निम्मं म्हटलं होतं ना मी!" बाई कडाडल्या. मग साखरेचा आकडा बघून थबकल्या. "ताई, एवढं इंजेक्शन तर तुम्ही रोजच देता. साखर कधी इतकी उतरली?"

"कधीच नाही हो."

"मग वरचं इन्सुलिन कुणाचं?"

वहिनीने चिमीचा घाम पुसला.

"चिमीचं! दार लागलंय," बाईच म्हणाल्या.

रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. हळूहळू सुई सुटली. वहिनी हसली नाही, रडली नाही. "आता मी निजू का?" एवढंच विचारलं.

घरी निघायच्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई बाईंना म्हणाली, "आमच्या बाळालाही द्या ना ती गोळी."

"त्याच्या त्या पेशीच उरल्या नाहीत हो," बाई हळूच म्हणाल्या. "दार लावायला घर तर हवं."

तिने मान हलवली आणि सुई भरायला घेतली. वहिनी पुढे झाली. "तू पड जरा. आज मी भरते."

"तू? नको गं बाई!"

दोघी दमलेलं हसू हसल्या, आणि हसता हसता वहिनीला हुंदका फुटला.

मंडळी, वहिनी आता झोपते. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या दुसरीला आठवा.