कुशीवरचा बाण

माझ्या लेकीला, ठकीला, पाजून मी तिच्यासह वॉर्डात परत आले तेव्हा आई डाव्या कुशीवर पडली होती आणि तिच्या उजव्या कुशीवर, बरगडी आणि कमरेच्या हाडामधल्या मऊ जागेवर, जांभळ्या शाईचा बाण होता.

उजव्या!

"हा कुणी काढला?"

"तो चष्मेवाला धाकटा डॉक्टर. गुदगुल्या झाल्या गं."

"पण डावीकडून करणार होते ना?"

"असेल बाई. तो म्हणाला, समजलं ना आजी? मी म्हटलं, हो."

आईचं हे नेहमीचं. समोरच्याला ताटकळत ठेवायला नको म्हणून ती आधी हो म्हणते आणि त्यानं काय विचारलं होतं ते मागाहून मला विचारते.

मोठ्या डॉक्टरांनी आधी डावी बाजूच सांगितली होती. पाठ उघडायची नाही. कुशीत छोटा छेद देऊन पोटाच्या मागून मणक्यापर्यंत जायचं, झिजलेली चकती काढून तिथे आधार बसवायचा. कण्याच्या पुढ्यातच दोन मोठ्या रक्तवाहिन्या असतात. डावीकडे धमनी, बागेतल्या पाइपासारखी जाड. उजवीकडे शीर, ओल्या कागदासारखी. फाटली तर रक्त आवरणं कठीण. म्हणून धमनीच्या बाजूनं जायचं. त्यांनी कागदावर काढूनही दाखवलं होतं, धमनी गोल, शीर चपटी. त्या ओल्या कागदानं माझी झोप उडवली होती.

आता हा बाण सरळ त्या कागदावरच रोखलेला.

खात्री करावी म्हणून काल काढलेल्या स्कॅनची फिल्म मी खिडकीच्या काचेला लावली. मी बी.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्रात का होईना. कण्यापुढे एक गोल दिसला, शेजारी एक चपटा. चपटा उजवीकडेच होता.

"आई, चुकलंय त्यांचं."

"मग पुसू या," असं म्हणून आईनं ठकीच्या पिशवीतला ओला रुमाल ओढला आणि हात मागे नेऊन घासायला लागली.

"अगं थांब!"

"का? तूच म्हणतेस ना चुकलंय?" बाणाचा जांभळा डाग झाला. मग तिनं शब्दकोड्याचं पेन माझ्यापुढे धरलं. "घे, डावीकडे काढ. नीट काढ हं, ठकीच्या काजळासारखं फासू नकोस."

मी पेन घेतलं. तेवढ्यात वाटलं, मी काढला तर ते खरंच तिथून कापतील. फक्त माझ्या सांगण्यावरून. पेन खाली ठेवून मी सिस्टरना हाक मारली.

सिस्टरनी डाग बघून कपाळाला हात लावला. "अहो ताई! आता मोठे डॉक्टर स्वतः आल्याशिवाय पेशंट इथून हलत नाही."

ते हिरव्या टोपीतच आले. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. ते रागावले नाहीत, त्यानं मी आणखीच घाबरले.

"ही फिल्म पायांकडून बघायची असते," ते म्हणाले. "चित्रातली उजवी बाजू म्हणजे आजींची डावी. एखाद्याची ही शीर जन्मापासून डावीकडे असते, तशी यांची आहे. आधीच्या फोटोत शंका आली होती म्हणून काल हा काढला, आणि बाजू बदलली. तुम्हालाही सांगायला हवं होतं. ते राहिलं."

"म्हणजे एवढी वर्षं मी उलटी आहे?" आई म्हणाली.

"फक्त तेवढ्यापुरत्या."

"जावयांना सांगू नका. ते म्हणतील, माहीत होतं."

मला हसू आलं नाही. शीर डावीकडे, पण चित्रात उजवीकडे, म्हणून जायचं उजवीकडून. मधेच कुठेतरी माझ्या हातून धागा सुटत होता.

"आजी, कुठल्या बाजूनं करायचं? तुम्ही बोट ठेवा," डॉक्टर म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन तिथे ती बोट ठेवणार होती आणि तिथेच छेद जाणार होता.

"मला पुन्हा सांगा," मी म्हटलं. "सावकाश."

त्यांनी आईला उताणं निजवलं, ठकीला माझ्याकडून स्वतःच्या कडेवर घेतलं आणि मला पलंगाच्या पायथ्याशी उभं करून फिल्म हातात दिली. आईच्या डाव्या हातात सलाइनची सुई होती. इथून तो हात माझ्या उजवीकडे होता, आणि फिल्ममधला चपटाही त्याच बाजूला. क्षणभर चित्र आणि आई एकमेकांवर बसले: शीर डावीकडे. ठकीनं डॉक्टरांची टोपी ओढली आणि माझं लक्ष हललं, पण तोवर मी बोलून गेले होते.

"उजवी."

आईनं बरोबर डागावर बोट ठेवलं. डॉक्टरांनी नवा बाण काढला, ती पुन्हा खिदळली.

संध्याकाळी, ऑपरेशन झाल्यावर, डॉक्टर म्हणाले, "शीर वाटेत आलीच नाही." तरी आईनं डोळे उघडण्याआधी मी चादर उचलून बघितली. पट्टी उजवीकडे होती. मग पायथ्याशी जाऊन उभी राहिले.

"आई, पाय हलव."

एक पाय हलला. डावा की उजवा, मला पटकन कळेना.

"आता दुसरा."

तोही हलला.