बकुळेचा बांध आणि शुक्रवारची सिरियल

शुक्रवार असला की कोंडाजीचं कामात लक्ष नसायचं. भाताच्या खाचरात शेणी-पालापाचोळा पसरून त्यानं रोपांच्या जागेचा राब पेटवला होता, वैशाखातलं वारं उलटसुलट फिरत होतं, आणि हा गडी आग सांभाळायची सोडून शेजारच्या रघूला लल्लनबाबूची नक्कल करून दाखवत होता.

"आवाज नाय चढवत रं तो! 'चाय पीजिए' बोलतो नुसता. समोरचा खलास!"

"आन् ती नजर? मानूस न विचारता सही करून देतो," रघू म्हणाला.

लल्लनबाबू म्हणजे हिंदी सिरियलमधला गुंड. बदलापूर स्टेशनाकडून केबलची वायर बांबूंवरून वाडीत आली ती एकट्या कोंडाजीच्या घरी. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी सगळी वाडी त्याच्या ओटीवर. सिरियलमध्ये गाणी नव्हती की बंगले नव्हते. उत्तरेकडचं कुठलंसं धुळकट गाव, गटारं, शिव्या, जमिनीवरून मुडदे. तिकडची हिंदी निम्मी कळायची नाही, बाकीचं सगळं कळायचं. उल्हासनगरच्या बाजारात जे दबक्या आवाजात ऐकायचं, ते इथं शेंगा खात उघड बघायला मिळायचं. मनसोक्त भ्यायचं आणि आपल्या केसालाही धक्का नाही! असली चैन वाडीला कधी मिळाली होती?

तेवढ्यात धुरातून बकुळा तरातरा आली. नवरा वारल्यापासून रस्त्यालगतच्या एका खाचरावर ती आणि तिच्या दोन पोरी जगत होत्या.

"रघूभावजी, माझ्या बांधाचा दगड हलवलाय. पार खाचराच्या मधी आनून रोवलाय."

दोघांना ते ठाऊक होतं. पलीकडची जमीन उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या चिंतामणशेठनं घेतली होती आणि त्याला रस्त्यापर्यंत वाट हवी होती. परवा त्याची माणसं पहारी घेऊन आली, तेव्हा हे दोघे आंब्याखाली बसून बघत होते.

"सोमवारी मोजनीवाला येनार. तुमी दोघं लगतचे. मूठभर माती हातात घ्या आन् खरा बांध कुठला ते सांगा. बास."

वाडीची रीतच ती. शेताची माती मुठीत घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती, आणि मोजणीवालेही तसं बोललेलं लिहून घ्यायचे.

"येतो की," कोंडाजी म्हणाला. "न येऊन कसं चालंल?"

तेव्हा तो मनापासून बोलला होता. पण त्याच संध्याकाळी सिरियलमधल्या एका शिंप्यानं लल्लनबाबूविरुद्ध साक्ष दिली. पुढं त्याचं दुकान दिसलं, शिवणयंत्र दिसलं, शिंपी काही दिसला नाही. ओटीवर कुणी शेंग फोडली नाही. कोंडाजीच्या बायकोनं, राजाबाईनं, हळूच नवऱ्याकडे बघितलं.

रविवारी चिंतामणशेठची जीप कोंडाजीच्या अंगणात थांबली. शेठ खाटेवर टेकला, पाणी प्यायला.

"राबाचं काम जोरात काय, कोंडाजीभाऊ? उद्या पण शेतावरच असणार? उन्हाचं जपा. उमर झाली तुमची."

एवढंच बोलला, तेही हसून. रघूकडे तर तो गेलाच नाही. तशी गरजच पडली नाही.

सोमवारी बकुळा पोरींना घेऊन बांधावर उभी राहिली. कोंडाजीचं दार लावलेलं होतं. रघू भल्या पहाटेच अंबरनाथला जावयाकडे निघून गेला होता. मोजणीवाल्यानं दोनदा हाका मारल्या. शेवटी बकुळेनंच माती उचलली.

"बाई, ज्याची जमीन त्याचीच साक्ष कशी धरू?" तो म्हणाला आणि हलवलेल्या दगडाशी त्यानं खुणा ठोकल्या.

बळी तो कान पिळी, हे काही नवं नाही. पण राग येतो तो या दोघांचा. चिंतामणशेठनं त्यांना बोटसुद्धा लावलं नव्हतं. भीती यांनी स्वतःच वायर ओढून घरात आणली होती.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा ओटी भरली. सिरियलमध्ये शिंप्याची बायको कोर्टात पदर पसरत होती आणि तिचे शेजारी खाली माना घालून उभे होते. ओटीवर नुसता कल्लोळ.

"जल्ले मेले! एकाला तरी तोंड हाय का बघा!" सगळ्यांत वरचा आवाज रघूचा. गडी चक्क डोळे पुसत होता.

"रडताय, रघूभावजी?"

दारात बकुळा उभी होती. रघूचा हात डोळ्यावरच राहिला. सगळे टीव्हीकडे बघत राहिले, पण आता कुणाला काही दिसत नव्हतं. राजाबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

बाहेर जीप थांबली.

"चालू झाली काय?" चिंतामणशेठ बकुळेच्या बाजूनं आत आला. "साईटवर होतो. म्हटलं आज इथंच बघू. आपण एक शुक्रवार सोडत नाय."

माणसं भराभर सरकली. राजाबाई पाणी आणायला आत गेली. शेठ ऐसपैस बसला आणि बकुळेकडे वळून मऊ आवाजात म्हणाला, "उभ्या का वयनी? बसा ना. आपलंच घर."

बकुळा बसली नाही. कोंडाजीकडे बघत तशीच उभी राहिली.

"कोंडाजीभाऊ," शेठ म्हणाला, "आवाज वाढवा जरा."

कोंडाजी उठला आणि त्यानं आवाज वाढवला.